वीतभर उंचीचा ठराव

माझ्या दुकानात दोन प्रकारची माणसं येतात. पहिल्या प्रकारच्या माणसाला गाडी उंच करून हवी असते. दुसऱ्या प्रकारचा माणूस म्हणजे तोच पहिला माणूस, काही दिवसांनी. आता त्याला गाडी सरळ चालायला हवी असते.

मूल नावाच्या गावाबाहेर, गडचिरोलीच्या रस्त्याला माझं दुकान आहे. पाटे, स्टेअरिंग, अलाइनमेंट एवढंच बघतो. इंजिनात हात घालत नाही, एसीबद्दल कोणी विचारलं तर शेजारच्या दुकानाकडे बोट दाखवतो. अर्धी हयात गाड्यांच्या खाली आडवी गेली. माणसांचे चेहरे विसरतो, पण गाडीचं पोट एकदा पाहिलं की ओळखतो. बाजारात लोक हाक मारतात, "का जी शब्बीरभाऊ, ओळखलं नाई का?" तेव्हा मनात म्हणतो, गाडी घेऊन या, मग ओळखतो.

उंच गाडीची हौस आमच्याकडे दोन कारणांनी असते. एक कारण खरं आहे. डांबरी रस्ता सोडून जंगलात शिरलं की बैलबंडीच्या चाकांनी दोन्ही बाजूला खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात, मधला भाग उंच राहतो, त्यात कापलेल्या झाडांचे खुंट. पिकअपचं पोट त्यावर बसलं की चारही चाकं हवेत फिरतात आणि ड्रायव्हर खाली उतरून आधी बिडी पेटवतो. दुसरं कारण शोभेचं. वरोऱ्याचे एक सोयाबीनचे व्यापारी माझ्याकडे आले होते. त्यांची पिकअप घर ते बाजार समिती जायची, सगळा रस्ता डांबरी. मी विचारलं, उंच कशाला? म्हणाले, "दिसाले बरी दिसते." करून दिली. पुन्हा आले, म्हणाले, "आई चढत नाई जी." पायरी लावून दिली. पुन्हा आले, "स्टेअरिंग ओढून राह्यलं." मग शेवटी एकदा आले आणि हळू आवाजात म्हणाले, "उतरवून द्या. पन लोकाइले उंचच दिसली पाह्यजे." यावर आजतागायत इलाज सापडलेला नाही.

वाचकांपैकी बहुतेक जण गाडीखाली कधी झोपले नसतील, म्हणून थोडं सांगतो. पिकअपच्या पुढच्या दोन चाकांना जोडणारा जाड लोखंडी दांडा म्हणजे एक्सल. त्यावर बाकदार लोखंडी पट्ट्या एकावर एक बसवलेल्या असतात, ते पाटे. गाडीचं सगळं ओझं पाट्यांवर. पाटे आणि एक्सल यांना एकत्र आवळून धरतात ते यू-बोल्ट. गाडी उंच करायची तर नीट मार्ग असा की पाट्यांना जास्त बाक द्यायचा, एखादा पाटा वाढवायचा. त्यात मेहनत आहे. सोपा मार्ग असा की एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये ठोकळा सरकवायचा आणि लांब यू-बोल्टने आवळायचा. अर्थात सगळे सोपा मार्ग धरतात. मागच्या चाकांना ते एक वेळ चालतं. पुढच्या चाकांना ठोकळा घातला की ब्रेक मारताना एक्सल त्या ठोकळ्यावर पिळतो, आणि मग काय काय होतं ते ड्रायव्हरला सांगावं लागत नाही.

आता सायकल आठवा. तिचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, हँडलपासून चाकाकडे पुढे तिरपा असतो. त्या तिरपेपणामुळेच लहानपणी आपण उतारावर हात सोडून फुशारकी मारत होतो आणि सायकल सरळ जात होती. गाडीच्या पुढच्या चाकांनाही तसाच तिरपेपणा दिलेला असतो, फक्त तो बाहेरून दिसत नाही. उंच करण्याच्या नादात एक्सल जरासा फिरला की तो तिरपेपणा जातो. मग वळण संपलं तरी स्टेअरिंग आपोआप परत येत नाही, गाडी रस्त्यावर इकडेतिकडे हुंगत चालते, आणि एखाद्या खड्ड्यात चाकं थरथरायला लागली की थांबायचं नाव घेत नाहीत. वर आणखी एक दुखणं. स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणारा जो दांडा आडवा असायला हवा तो गाडी उंचावल्यावर उतरता होतो. मग प्रत्येक खड्ड्याला तोच चाकाला ढकलतो. ड्रायव्हर वळवत नाही, तरी गाडी वळते.

दुरुस्त केलेली गाडी परत देण्याआधी मी एकच परीक्षा घेतो. मूलच्या पुढे धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे बांध घातलेल्या शेतांमधून, जाणारा सरळ डांबरी पट्टा आहे. पुढेमागे कोणी नाही असं पाहून चालवणाऱ्याला म्हणतो, "हात सोडा." तो माझ्याकडे पाहतो, मग देवाचं नाव घेतो, मग सोडतो. गाडी सरळ गेली तर काम झालं. माझ्या हातून गेलेल्या सगळ्या गाड्या या परीक्षेत पास झाल्या आहेत. एक गाडी सोडून. त्या गाडीबद्दल लिहायचं म्हणून हा कागद पुढे घेतला.

ती गाडी धानोऱ्याच्या पलीकडच्या एका गावाची. गावाचं नाव लिहीत नाही. लिहायला हरकत नव्हती, पण त्यासाठी ग्रामसभेत विषय मांडावा लागला असता, आणि त्यांच्या ग्रामसभेची रीत मला माहीत असल्यामुळे सांगतो, हा दिवाळी अंक होळीला निघाला असता.

उन्हाळा लागला होता. मोह वेचून होत आला होता, तेंदूपत्ता सुरू व्हायचा होता. मूलच्या राइस मिलला धानाचे कट्टे, म्हणजे पोती, उतरवून लालसू नावाचा माडिया ड्रायव्हर माझ्या दारात येऊन उभा राहिला. पंचविशीतला, सडपातळ, बोलणं कमी.

"गाडी थोडी नाचते जी," तो म्हणाला.

"कधी?"

"चालली का."

मी खाली शिरलो. पुढच्या एक्सलवर दोन्ही बाजूंना ठोकळे होते. माझ्या आयुष्यात मी लोखंडाचे ठोकळे पाहिलेत, ओतीव पाहिलेत, एका हुशार माणसाने तर सिमेंटचे करून आणले होते. हे लाकडाचे होते. घासून गुळगुळीत केलेले, कडा मोडलेल्या, वरून तेल दिलेलं. देव्हाऱ्यात ठेवावेत असे सुंदर.

मी खालूनच ओरडलो, "हे कोनं केलं बे?"

वरून उत्तर आलं, "ग्रामसभेनं."

मी बाहेर आलो, हात पुसले आणि स्टूल ओढून बसलो. मग त्याने सांगितलं. त्यांच्या गावाला जंगलाचा सामूहिक हक्क मिळालेला. बांबू आणि तेंदूपत्ता ग्रामसभाच विकते. त्यातून गावाने ही पिकअप घेतली. त्यामुळे गाडीचा मालक शोधायला गेलात तर अख्खं गाव भेटतं. धान मिलला नेणं, बाजाराला जाणं, दवाखान्यात नेणं, लग्नाला नेणं, सगळं तिच्यावर. आणि गावात कुठलाही निर्णय मतं मोजून होत नाही. सगळ्यांनी हो म्हणायचं. एकाने जरी नाही म्हटलं तरी विषय तिथेच थांबतो, मग तो एक माणूस चिलीम ओढणारा म्हातारा का असेना. गाडी उंच करायची हे असंच सर्वानुमते ठरलं. किती, हेही सर्वानुमते ठरलं. टेकडीकडच्या टोल्याला, म्हणजे वस्तीला, खुंटांपुरती उंची हवी होती, नाल्याकडच्या टोल्याला पाण्यापुरती. सगळ्यांचं समाधान करता करता ठराव झाला वीतभराचा. माझ्या धंद्यात उंची बोटांत मोजतात. गावाने वितीत मोजली.

"हे वीतभर नाई," मी म्हणालो. "अर्धी वीत हाय."

"सुतार म्हनला, अर्धी यंदा, बाकीची पुढच्या सालले."

त्या सुताराला मी अजूनही मनातून सलाम करतो.

ठोकळे धावड्याचे होते. बंडीच्या कण्याला पिढ्यान्‌पिढ्या धावडा वापरतात. जो बंडीखाली चालतो तो पिकअपखाली का चालणार नाही, असा सरळ हिशेब. लाकडात खोट नव्हती. पण धावडा असो की सागवान, लाकूड उन्हात आकसतं आणि पावसात फुगतं. आकसलं की यू-बोल्ट सैल होतात आणि एक्सल आपली जागा सोडून सरकतो. लालसू मोठा पाना सीटखाली ठेवायचा आणि दर बाजाराच्या दिवशी खाली शिरून आवळायचा.

"ठोकळे काढतो," मी म्हणालो. "बस तासभर."

"काढाची परवानगी नाई जी."

"मंग गाडी काऊन आनली?"

"सरळ करून द्या म्हनते. उंच राहून सरळ."

माझा स्वभाव तसा थंड नाही. मी त्याला त्या दिवशी बरंच काही बोललो, त्यातलं इथे लिहिता येईल असं एकच वाक्य आहे. "तुले मराचं हाय का?"

"मले नाई जी," तो शांतपणे म्हणाला. मग स्वतःहून बोलायला लागला.

आदल्या पावसाळ्यात त्याची बहीण चिन्नी बाळंतपणाला अडली. तिला घेऊन तो दवाखान्याला निघाला. गावाबाहेरच्या नाल्यात गाडीचं पोट मधल्या दगडावर बसलं आणि गाडी तिथेच राहिली. पाणी चढत होतं. गावकऱ्यांनी चिन्नीला खाटेवर घालून पलीकडे नेलं, पण उशीर झाला. चिन्नी वाचली, मूल गेलं. त्या वेळी तिच्यासोबत गाडीत त्यांची आई होती, मैनीबाई. पाऊस ओसरल्यावर ग्रामसभेत मैनीबाई उभी राहिली आणि म्हणाली, गाडी उचला. तिला कोण नाही म्हणणार?

"आता चिन्नीले पुन्हा दिवस गेले," लालसू म्हणाला. "पावसातच यीन."

आणि गाडी अशी. मध्ये एकदा बाजारातून बायकांना घेऊन परतताना एका खड्ड्यात स्टेअरिंग त्याच्या हातात राहिलंच नाही. गाडी रस्ता सोडून खाली उतरली आणि एका साजाच्या झाडासमोर थांबली. मागे बसलेल्या बायकांना वाटलं, त्याने मुद्दाम थांबवली. त्या उतरल्या, पाय मोकळे केले आणि परत येऊन बसल्या. लालसूने कोणाला काही सांगितलं नाही.

"मायले तरी सांगाचं नं?"

"कसा सांगू जी? तिनंच उचलाले लावली. उतरव म्हनलो, तं तिले वाटन का मी ते लेकरू विसरलो."

यानंतर मला त्याच्यावर रागावता आलं नाही. यू-बोल्ट जमतील तेवढे आवळले आणि विचारलं, तुमची ग्रामसभा कधी आहे.

घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, "आप कबसे भाषण देने लगे?" मी म्हटलं, भाषण नाही, एक्सल समजावून सांगायचा आहे. ती म्हणाली, "हमको तो तीस साल में नहीं समझाया."

ठरल्या दिवशी लालसू न्यायला आला. जॅक, पाटे, पाचरी, पाने सगळं मागे टाकलं. उंच राहिलेल्या त्या गाडीतून धानोऱ्याच्या पलीकडे जाताना मी रस्ताभर कलमा म्हणत होतो आणि लालसू मला मोहफुलांचा भाव सांगत होता. तो स्टेअरिंग चालवत नव्हता, ते धरून ठेवत होता. समोरून गाडी आली की त्याच्या मनगटाच्या शिरा वर यायच्या. नाला लागला. उन्हाळ्यात त्यात पाणी कसलं, नुसते गोटे. मधला तो दगड त्याने दाखवला नाही, पण तिथून जाताना गाडी हळू केली.

गावात पोचल्यावर जोहार झाला, पाणी दिलं, आणि एकाने जिवंत कोंबडा आणि सुरी माझ्या हातात ठेवली. "तुमीच कापा जी, नाईतर तुमी खात नाई." आठवडी बाजारांत फिरणारे आमचे मुसलमान व्यापारी त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचे, म्हणून रीत ठाऊक. मला पाना धरायची सवय, सुरी धरायची नाही. पण बिस्मिल्ला म्हणून काम केलं. त्यावरून माझ्या कारागिरीबद्दल गावाचं मत काय झालं असेल ते मी विचारलं नाही.

ग्रामसभा गोटुलासमोर बसली. गोटुल म्हणजे गावाची एकत्र बसायची जागा. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, आणि मध्ये, सगळ्यांच्या समोर, आरोपीसारखी पिकअप. मी उभा राहून सायकलचा चिमटा सांगितला, एक्सल सांगितला, दांडा सांगितला. लालसू माडियात सांगत होता. माझ्या भल्यामोठ्या वाक्याचे त्याच्याकडे तीन शब्द व्हायचे, आणि मी नुसतं "समजलं का?" विचारलं की तो बराच वेळ बोलायचा. मी सांगितलं की धावड्याचे ठोकळे काढू, त्याऐवजी पाट्यांना बाक देऊन दोन बोटं उंची ठेवू, खाली लोखंडी पाचर मारून चाकांचा तिरपेपणा परत आणू. त्यावर दोन बोटं म्हणजे कोणाची, अशी चर्चा निघाली. ती बराच वेळ चालली. शेवटी सुताराची धरायची ठरली, कारण त्याची जाड होती.

सगळे हो हो म्हणत होते. मला वाटलं, झालं काम. तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला.

"नाई."

मैनीबाई. बारीक अंगाची, पांढरे केस घट्ट बांधलेली बाई. माझ्यासाठी ती मराठीत बोलली.

"माही पोरगी नाल्यात पडून होती, तवा तुमचं हे सरळ कोठी होतं?"

त्या दिवशी मी मूलला कोणाच्या तरी शोभेच्या गाडीखाली असणार. तिची पोर नाल्यात होती आणि मी पायऱ्या बसवत होतो. मला फार वाईट वाटलं, आणि ते लपवण्यासाठी मी पाना पुसत बसलो.

रीतीप्रमाणे विषय संपला होता. एकीने नाही म्हटलं होतं. माणसं उठायला लागली, कोणी तंबाखू मळायला घेतली. लालसू खाली पाहत होता. तो अजूनही साजाच्या झाडाबद्दल बोलणार नव्हता, हे मला दिसत होतं. मग सांगायचं कोणी? तसं पाहिलं तर हा माझा विषय नव्हता. पण गाडी माझ्या हाताखालून गेली होती.

मी मैनीबाईसमोर जाऊन बसलो. म्हणालो, "बाई, ठोकळे राहू द्या. फकत एकदा गाडीत बसा. चिन्नीले घेऊन जाचं हाय असं समजा. तेवढ्याच घाईत लालसू चालवन."

ती उठली. ती मध्ये, मी खिडकीशी. लालसूने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी म्हटलं, "रोज चालवते तशीच चालव. धीमी करजो नको."

गावाबाहेरच्या मुरुमाच्या रस्त्यावर त्याने वेग घेतला. पहिल्या खड्ड्याला गाडी डावीकडे गेली, त्याने ओढून आणली. दुसऱ्या खड्ड्याला चाकं थरथरायला लागली. ते थरथरणं स्टेअरिंगमधून त्याच्या हातांत, हातांतून खांद्यांत आलं, समोरचा आरसा दिसेनासा झाला, सीटखालचा पाना नाचायला लागला. मी दार धरलं होतं. मैनीबाईने काहीच धरलं नव्हतं. ती रस्त्याकडे पाहत नव्हती. ती पूर्ण वेळ लालसूच्या हातांकडे पाहत होती.

गाडी थांबल्यावर तिने त्याचा उजवा हात ओढून घेतला आणि तळवा उलटा केला. बोटांच्या मुळाशी घट्टे पडून फुटले होते, पुन्हा पडले होते. ती माडियात काहीतरी बोलली. लालसूने त्याचं मराठी केलं नाही. मीही विचारलं नाही.

परत आलो तेव्हा माणसं तशीच बसलेली होती. मैनीबाई उभी राहिली.

"उतरवा," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "अन् नाला?"

तिने असं विचारलं, जणू नाला मीच दुकानातून आणून तिथे ठेवला होता. माझं काम एक्सलपाशी संपतं. दोन बोटं उंचीने खुंट सुटले असते, पण नाल्यातला तो दगड सुटला नसता. मी खरं ते सांगितलं. "नाल्याचं मले जमत नाई बाई."

मग सगळे नाल्याबद्दल बोलायला लागले. पूल मागितलेला होता. किती सालांपासून मागितलेला, यावर दोन मतं होती. कोणी साहेब आला होता, मोजून गेला होता. मैनीबाईने बराच वेळ ऐकून घेतलं.

"पूल कोन म्हनलं?" ती म्हणाली. "गोटे टाका. गाडी जेवढी खाली यीन, तेवढा नाला वर चढला पाह्यजे."

कोणी हसलं नाही. सुताराने फक्त विचारलं, "कोनाच्या वितीनं?" आणि त्यावर मात्र सगळे हसले, मैनीबाईसुद्धा. एका घरातून एक माणूस, तेंदूपत्ता सुरू व्हायच्या आत, असं ठरलं. कोणी नाही म्हटलं नाही. मी इतक्या गाड्या खालीवर केल्या, पण गाडीच्या अडचणीसाठी रस्त्यालाच उचलावं असं मला कधी सुचलं नव्हतं. माझ्याकडे येणारे लोक गाडी घेऊन येतात, रस्ता घेऊन येत नाहीत, एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल.

मोहाच्या झाडाखाली गाडी जॅकवर घेतली. गाव भोवती बसलं. खाली शिरल्यावर एरवी मला चार टायर दिसतात, त्या दिवशी टायरांच्या पलीकडे नुसते पाय दिसत होते. ठोकळे काढले, पाटे बसवले, पाचर मारली, दांडा आडवा आणला. संध्याकाळच्या आत काम झालं. परीक्षा घ्यायची राहिली, कारण मुरुमाच्या रस्त्यावर हात सोडणं हा मूर्खपणा आहे. लालसूला म्हटलं, मूलला आलास की घेऊ. ठोकळे मैनीबाईने पदरात घेतले. मला वाटलं, चुलीत घालणार.

चुलीत घातले नव्हते, हे मला नंतर कळलं. गावाने नाल्यात गोटे रचून, मुरूम ठोकून गाडीपुरती वाट वर आणली, आणि त्या वाटेच्या दोन्ही टोकांना मैनीबाईने एकेक ठोकळा उभा गाडून घेतला. नियम केला. पाणी आलं तरी ठोकळ्याचं डोकं दिसत असेल तर गाडी घालायची. ठोकळा बुडाला तर नाही घालायची, मग कोणी काहीही म्हणो. हा ठराव तिने ग्रामसभेत नेला नाही. एकटीनेच केला आणि सगळ्यांनी पाळला.

पहिल्या पुरात वाटेचा एक कोपरा वाहून गेला, तो त्यांनी पुन्हा भरला. श्रावणात चिन्नीचे दिवस भरले. पाऊस होता, नाल्याला पाणी होतं. मैनीबाई आधी एकटी चालत नाल्यापर्यंत गेली, ठोकळा पाहून आली, आणि मग लालसूला म्हणाली, काढ. गाडी नाल्यातून गेली आणि गडचिरोलीपर्यंत सरळ गेली. चिन्नीला मुलगी झाली. हे लालसूने मला फोनवर सांगितलं. त्यांच्याकडे एका टेकडीवर चढल्याशिवाय फोन लागत नाही, त्यामुळे तो आधी धापा टाकत होता. बोलून झाल्यावर जे गिऱ्हाईक आलं त्याला चहा पाजला. तो घाबरून विचारू लागला की गाडीत काही मोठं निघालं का.

दिवाळीनंतर नवा धान निघाला आणि लालसू कट्टे घेऊन मूलला आला. मध्ये मैनीबाई बसलेली. चिन्नी आणि नात दवाखान्यात सुई टोचून घ्यायला गडचिरोलीला उतरल्या होत्या, आणि मैनीबाईला माझं दुकान पाहायचं होतं. तिने ते पाहिलं. टांगलेले पाटे पाहिले, गाडीखाली शिरायचा खड्डा पाहिला, अलाइनमेंटचं मशीन पाहिलं. मग गाडीकडे बोट दाखवून विचारलं, "पाचर हाय नं जागेवर?" मी खाली शिरून पाहिली. होती. यू-बोल्टही आवळलेले होते.

"चला," मी म्हणालो, "परीक्षा राहिली हाय."

तिघं बसलो. ती मध्ये, मी खिडकीशी, पहिल्यासारखेच. सरळ पट्टा आला. दोन्ही बाजूला धान कापून झालेल्या बांध्या, रस्त्यावर कोणी नाही. गाडी कशी चालली होती ते मला खालच्या आवाजावरून कळत होतं, एक थरकाप नाही, एक हिसका नाही. लालसू एका हाताने स्टेअरिंग धरून बसला होता. त्याच्या हातांवर आता घट्टे नव्हते.

"हात सोड," मी म्हणालो.

लालसूने हात वर घेतले. पूर्ण वर गेलेही नसतील. मैनीबाईने आडवं वाकून दोन्ही हातांनी स्टेअरिंग गच्च पकडलं.

"सोडजो नको म्हनलं नं!" ती ओरडली.

लालसू आईला म्हणाला, "याया, भाऊ पाहून राह्यले, गाडी सरळ जाते का."

"मी धरलं नं. जाते सरळ."

आम्ही दोनदा पुन्हा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तेच झालं. तिसऱ्या वेळी तर तिने आधीच धरून ठेवलं होतं. मी माझ्या धंद्यात असं गिऱ्हाईक पाहिलेलं नाही. शेवटी मी म्हटलं, राहू दे, चल परत.

त्यानंतर लालसू बऱ्याचदा येऊन गेला, पण मी ती परीक्षा पुन्हा घेतली नाही. ती गाडी हात सोडल्यावर सरळ जाते की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.